वेगळं दिसून ज्यानं नजरा झेलल्या तो दुसऱ्यावर नजरा टाकत नाही. पटतं का?

काठपदर:
बायकोच्या विरलेल्या करवतकाठी साडीचा मी शर्ट शिवून घेतला. नागपूरच्या इतवारीतल्या टेलरनं टेप काढला अन् सरळ बायकोकडे वळला. माप माझं घ्यायचं म्हटल्यावर, "काठ आतून दुमडून टाकतो ना भाऊ," हे तीनदा सुचवलं. काठ बाहीवरच आहे, करवतीचे दात दिसतात तसे. तो घालून बर्डीवर फिरलो की लोक बघतात. त्याची सवय झाली की पोराच्या कानातली बाळी, कोणाचे हिरवे केस, साठीच्या काकूंची जीन्स, कशावरच बोलायची खाज उरत नाही.

महालवाला:
उलटं आहे भाऊ. सगळ्यात जास्त टोमणे हीच मंडळी मारतात. फाटक्या जीन्सवाल्यानं शर्ट खोचणाऱ्याला 'काय काका' म्हणायचं, हे चालते काय? आणि बदल असा एकट्यादुकट्यानं होत नसते. संघानं २०१६ च्या दसऱ्याला खाकी हाफ पँट सोडून तपकिरी फुल पँट घेतली. सगळ्यांनी एकदम बदलली, म्हणून कोणी कोणाकडे वळून पाहिलं नाही.

स्कूटीवरची:
गणवेशाचं उदाहरण इथं कुठं बसतं? तो वरून ठरतो.
पण काठपदर, तुमचंही अर्धंच खरं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, मी तोंडाला दुपट्टा गुंडाळून फक्त डोळे उघडे ठेवून गाडी चालवते, तेव्हा कोणाला काही वाटत नाही. संध्याकाळी फुटाळा तलावावर स्लीव्हलेस दिसलं की संस्कृती आठवते. तुम्हाला टेलरनं सुचवलं, मला निघायच्या आधी घरातले चौघं सुचवतात. पुरुषाचा शर्ट म्हणजे हौस, आमचा म्हणजे चारित्र्य.

निळाई:
'वेगळं दिसणं' हीच मुळात ज्याचं पोट भरलं त्याची गोष्ट आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आमच्या बायांना सांगितलं, लुगडं सवर्ण बायांसारखं नेसा, जातीची खूण सांगणारे दागिने टाका. वेगळेपण त्यांच्यावर लादलेलं होतं, त्यांना ते पुसायचं होतं. १९५६ ला दीक्षाभूमीवर लोक पांढरे कपडे घालून आले, सगळे सारखे. त्या सारखेपणात मान होता. त्यामुळं साधा पांढरा शर्ट घालणाऱ्याला मी कधी 'बोअर' म्हणत नाही.

काठपदर:
निळाई, हे मान्य. लादलेलं अन् निवडलेलं एका मापात बसत नाही. पण महालवाले, 'काका' म्हणणाऱ्या पोराची फॅशन मॉलनं ठरवलेली. त्याच्याकडे कोण वळून बघते? त्यानं नजर झेललीच कुठं?

महालवाला:
असं पकडता काय! बरं, ते पोरगं सोडा. पण लग्नात पहिल्या पंगतीला हा शर्ट घालून बसाल तर मी बघीनच, आधीच सांगून ठेवतो. बोलणार मात्र नाही.

स्कूटीवरची:
आणि शेजारी मी स्लीव्हलेस घालून बसले तर?