हेलन अ‍ॅलिंगहॅम म्हणजे 'चॉकलेटच्या डब्यावरची चित्रं'? माझं उत्तर

रानवाट
काल इथे कोरडवाहू यांनी लिहिलं की एकोणिसाव्या शतकातली इंग्लिश जलरंग चित्रकार हेलन अ‍ॅलिंगहॅम हिने रंगवलेली इंग्लिश खेडी म्हणजे चॉकलेटच्या डब्याचं झाकण. शेतमजूर उपाशी होते आणि ही बाई त्यांच्या दारात गुलाब रंगवत बसली. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

१८८१ मध्ये ती लंडनमधलं चेल्सी सोडून सरे परगण्यात विटलीजवळ राहायला गेली. आसपासची जुनी लाकडी चौकटीची घरं तेव्हा एक तर पाडली जात होती, नाहीतर 'सुधारली' जात होती. १८८६ च्या तिच्या प्रदर्शनाच्या पुस्तिकेतच म्हटलंय की चित्रं काढून झाल्यावर थोड्याच काळात त्यातल्या बऱ्याच घरांचं रूप पालटलं, काही तर नाहीशीच झाली. तिकडे भिंतींवरही कौलं टांगायची पद्धत. ती कौलं कुठे फुगलीत, कुठे एखादं निसटलंय, शेवाळ कुठल्या बाजूला धरलंय, हे सगळं तिच्या कागदावर आहे. हे प्रत्यक्ष समोर बसल्याशिवाय येत नाही.

आणि १८८९ मध्ये नवरा गेल्यावर तीन मुलांचं घर याच चित्रांवर चाललं. पुढच्याच वर्षी रॉयल वॉटरकलर सोसायटीचं पूर्ण सभासदत्व मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली. डब्याची झाकणं काढून हे मिळत नाही.

कोरडवाहू
एक शब्द मागे घेणार नाही. स्लेटचं छप्पर दिसलं की ती गवताचं करायची, मोठ्या काचेची खिडकी असली की जुनी शिशाच्या पट्ट्यांची जाळीदार खिडकी काढायची. मग नोंद कसली? मजुराला आठवड्याला जेमतेम तेरा-चौदा शिलिंग मिळायचे. ती ज्या 'ग्राफिक' साप्ताहिकात नोकरीला होती, त्याच्याच पहिल्या अंकात चित्रकार ल्यूक फाइल्ड्सने निवाऱ्यासाठी रांगेत कुडकुडणारी माणसं काढली. जॉर्ज क्लाउसेन या चित्रकाराने मेंढ्यांसाठी थंडीत कंद छाटणारे मजूर रंगवले. डोळे त्यांनाही होते, हिलाही.

मी शाकारलेल्या घरात वाढलोय. पावसाळ्यात आई रात्रभर भांडी सरकवत बसायची. वडिलांनी पत्रे घातले त्या दिवशी ती रडली, आनंदाने. ते पत्रे पुसून कुणी गवत रंगवलं असतं तर मी कागद फाडला असता.

उमाताई
कोरडवाहू, तुमच्या आईचं वाचून गलबललं, पण हेलनला गरिबी-रोगराई ठाऊक नव्हती असं म्हणू नका. तिचे वडील डॉक्टर. १८६२ मध्ये घटसर्पाच्या साथीत रुग्णांना तपासता तपासता स्वतःच गेले, धाकटी बहीणही गेली. ही तेव्हा तेरा वर्षांची.

कोरडवाहू
म्हणजे माझाच मुद्दा झाला की! रोग घर कसं रिकामं करतो हे जिला माहीत, तिने दारातली पोरं इतकी गुटगुटीत आणि एप्रन इतके पांढरेशुभ्र का काढावेत?

ओलाकागद
पांढऱ्याचा विषय निघालाच आहे तर एक सांगा. ती पांढरा रंग वापरायची की नाही? शेजारी राहणारा चित्रकार बर्केट फॉस्टर तर सर्रास वापरायचा. जलरंगात पांढरा म्हणजे माझ्या मते सरळ फसवणूक.

रानवाट
तिचा भर खरवडण्यावर होता. रंग वाळला की धारदार पात्याने खरवडून फुलं, पानांवरचा उजेड काढायचा, स्पंजाने टिपायचं, आखूड कापलेल्या ब्रशने घासायचं. पेटीत रंग नऊच. तयार हिरवा एकही नाही. ती सगळी कुंपणं आणि बागा निळ्या-पिवळ्यातून जमवलेल्या.

ओलाकागद
ब्लेडने खरवडणं ही कसली शुद्धता? पांढऱ्या जागी कागद कोरा सोडता आला पाहिजे. आम्हाला तेच शिकवलं.

उमाताई
तुम्हाला शिकवलं असेल! एका स्पर्धेत माझं चित्र परीक्षकांनी एका बोटाएवढ्या पोस्टर व्हाइटसाठी बाद केलं. समुद्राच्या फेसावर होता तो. वीस वर्षं झाली तरी राग गेलेला नाही. तिच्यापेक्षा कितीतरी आधी इंग्लिश चित्रकार टर्नर नखाने कागद ओरबाडायचा, त्याला कुणी बाद केलं?

ओलाकागद
टर्नरची गोष्ट वेगळी.

उमाताई
का वेगळी? तो पुरुष होता म्हणून?

ओलाकागद
ताई, हे माझ्या तोंडी घालू नका. मी कागदाबद्दल बोलतोय. ३०० जीएसएमच्या जाड कागदावरही एकदा पातं फिरलं की तंतू उठतात, त्यावर पुन्हा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, नीट बसत नाही. करून बघा.

उमाताई
रोज करते. शेवटचा वॉश झाल्यावरच खरवडायचं असतं, एवढं साधं आहे.

कोरडवाहू
इथे मजुरांबद्दल बोलणं चाललं होतं.

रानवाट
बोलतो. खिडक्या आणि छपरं ती बदलायची, हे मान्य. मूळ घर कसं होतं ते दाखवायला बदलायची, पण ते चित्राखाली लिहायला हवं होतं, इतकं तुमचं बरोबर. तिचं चित्र मजुरांच्या हलाखीचा पुरावा नाही, हेही घ्या. पण विटा रचायची पद्धत, धुराड्याची ठेवण, कौलांच्या रांगा हे पाहायला जुन्या घरांचे अभ्यासक आजही तिच्याकडे जातात. ते काय डब्याचं झाकण बघायला?

कोरडवाहू
धुराडी घ्या. विटाही दिल्या. एप्रन नाही देणार.

ओलाकागद
आणि ते एप्रन कागद सोडून काढलेत की खरवडून, हे अजून कुणी सांगितलेलं नाही.