१८ए ची नोटीस आलीय, नाव कुणाचं द्यायचं?

रावपुरा_मेडिकल
ड्रग इन्स्पेक्टरने काउंटरवरून एका अँटिबायोटिकचं सॅम्पल नेलं, सॅम्पल नेल्याची लेखी सूचना म्हणजे फॉर्म १७ दिला. आता औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम १८ए ची नोटीस आलीय. पट्टीवर उत्पादक हिमाचलचा, 'मार्केटेड बाय' अहमदाबादची कंपनी आणि बिल वडोदऱ्याच्या स्टॉकिस्टचं (घाऊक विक्रेत्याचं). कळवायचं कुणाचं नाव?

मांजलपूर_फार्मा
स्टॉकिस्टचं. माल तुम्ही कुणाकडून घेतलात एवढंच कलम विचारतं. पट्टीवरची नावं साहेबांनाही वाचता येतात. त्याचा पत्ता, २०बी-२१बी (घाऊक विक्रीच्या) लायसन्सचा नंबर, बिल नंबर-तारीख, बॅच, घेतलेल्या-विकलेल्या-उरलेल्या पट्ट्या लिहा. बिलाची झेरॉक्स सही-शिक्क्यासह जोडा, स्थळप्रतीवर इनवर्डचा शिक्का घ्या. पुढे स्टॉकिस्ट मार्केटरचं ('मार्केटेड बाय'वाल्या कंपनीचं) नाव देईल, मार्केटर उत्पादकाचं. मार्केटरही सुटत नाही, १ मार्च २०२१पासून गुणवत्तेला उत्पादकाबरोबर तोही जबाबदार आहे. नाव दडवलंत तर कलम २८: एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान २०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

बॅच_बघा_आधी
पण आधी बॅच ताडून घ्या. बिलावर ०४१७ आणि पट्टीवर ०४७१ निघालं की स्टॉकिस्ट हात वर करतो. बहुतेक वेळा त्याच्या कॉम्प्युटरवर जुनी बॅच चढलेली असते आणि खोक्यात नवी जाते. नाहीतर शेजारच्या दुकानातून बिलाशिवाय हातउसनी आणलेली पट्टी! बॅच जुळत नसेल तर स्टॉकिस्टच्या खरेदी बिलाची प्रत मागा. आपल्या बिलावर पेनाने आकडा 'सुधारू' नका, मग ते वेगळंच प्रकरण होतं.

रावपुरा_मेडिकल
बॅच जुळतेय. स्टॉकिस्ट म्हणतो, लॅबचा रिपोर्ट येऊ दे, मग उत्तर दे.

मांजलपूर_फार्मा
त्याचं ऐकू नका, भाऊ. तुम्ही नाव दिल्यावरच सॅम्पलचा एक भाग आणि फॉर्म १३चा (सरकारी लॅबचा) रिपोर्ट त्याच्याकडे जातो. रिपोर्ट हातात पडल्यापासून २८ दिवसांत लेखी हरकत घ्यावी लागते. तेवढ्यात एक्सपायरी उलटली, तर कोलकात्याच्या सेंट्रल लॅबमधली फेरतपासणी नावालाच उरते.

तुमचा स्वतःचा बचाव कलम १९(३)मध्ये आहे: माल लायसन्सवाल्याकडून घेतला, दोष माहीत नव्हता आणि नेहमीची काळजी घेऊनही कळला नसता, आणि माल नीट साठवून जसाच्या तसा ठेवला. पहिल्याला बिल पुरतं. लोक अडकतात तिसऱ्यात. लेबलवर '२५ अंशांखाली ठेवा' आणि पट्ट्या मे महिन्यात रस्त्याकडच्या काचेच्या शोकेसमध्ये! तापमानाचं रजिस्टर असेल तर त्याचीही झेरॉक्स काढून ठेवा.