मदत हवी आहे: स्वमग्न मुलीच्या तोंडून सांगितलेली बालकादंबरी

वाचक नऊ ते बारा वर्षांचे, निवेदक दहा वर्षांची स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलगी. गाडी अडलीय ती मेल्टडाऊनच्या, म्हणजे आवाज-स्पर्शांचा मारा असह्य होऊन तिचा स्वतःवरचा ताबा सुटतो त्या प्रसंगात. आधी ट्यूबलाइटची गुणगुण, मग मानेला टोचणारं लेबल, घंटा आणि शेवटी मागून खांद्यावर अचानक पडलेला हात, अशी चढण रचली आहे. तिथून वाक्यं दोन-तीन शब्दांवर येतात. पण त्या क्षणी तिला शब्दच सुचणार नाहीत, मग निवेदन करतंय कोण? सध्या एक ओळ कोरी सोडून थेट नंतरचा थकवा लिहिलाय. ही पळवाट वाटते का? प्रसंग तुटक वाक्यांत दोन पानं ताणला तर लहान वाचक हरवतो, आणि बाहेरून वर्णन केलं तर तो हट्ट वाटतो. हट्ट हवं ते मिळालं की थांबतो, हे थांबत नाही. तो फरक आतूनच कळायला हवा.

दुसरं, ती ऐकलेली वाक्यं जशीच्या तशी बोलते. ‘दरवाजे बंद होत आहेत’ म्हणजे ‘मला इथून जायचंय’, हे वाचकाला स्पष्टीकरणाशिवाय उमगायला ते आधी किती वेळा यावं?

गोष्टींतल्या स्वमग्न पात्रांना अनेकदा चिकटवले जाणारे गणिती चमत्कार वगैरे तिला दिलेले नाहीत, देणारही नाही. स्वतः स्वमग्न असलेल्या कुणी हे प्रकरण वाचून खुणा केल्या तर फार बरं होईल.