नाव गावच्या यादीत, काम शहरात. युनियनने मतदार नोंदणीही हातात घ्यावी का?

कोठीवरची_ताई

नमस्कार. मी एका महापालिकेत ठेक्यावर झाडणकाम करते, अकरावं वर्ष चालू आहे. आमच्या युनियनची मी खजिनदार आहे. लांबलचक झालंय, पण कृपा करून पूर्ण वाचा.

गेल्या महिन्यात ठेकेदार बदलला. नव्या ठेकेदाराने हजेरीची नवी यादी आणली, त्यात आमच्या कोठीवरच्या (जिथे हजेरी लागते ती जागा) सात जणींची नावं नव्हती. सातही जणींनी त्याआधी दोन महिन्यांत युनियनची पावती फाडली होती, म्हणजे सभासद झाल्या होत्या. पहाटे सहाला मुकादम नावं पुकारत होता आणि या खराटे घेऊन रांगेत उभ्या. यादी संपली. एक जण आठ वाजेपर्यंत तिथेच थांबली, राहिलं असेल आपलं नाव, पुकारतील म्हणून. मग खराटा भिंतीला टेकवून गेली. दांडा जुन्या लुगड्याच्या काठाने गुंडाळलेला आहे, तळहाताला फोड येतात म्हणून तिने स्वतः गुंडाळला होता. तो खराटा आम्ही अजून कुणाला हलवू दिलेला नाही.

एका नगरसेविकेने सर्वसाधारण सभेत ठराव मांडला: ठेकेदार बदलला तरी कामगार तेच ठेवावेत आणि युनियनचा सभासद आहे म्हणून कुणाला कामावरून काढू नये. आम्ही वीस जणी प्रेक्षक गॅलरीत होतो. एक सदस्य म्हणाले, हे महापालिकेचे कर्मचारीच नाहीत, ठेकेदाराचे आहेत. दुसऱ्यांनी वर आमच्याकडे बघून विचारलं, "यातले माझ्या प्रभागाचे मतदार किती?" विषय तहकूब झाला.

त्या प्रश्नाने मला रात्रभर झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी कोठीवर एकेकीला विचारलं. आम्ही ४३ जणी. या शहरात मतदार नऊ. बाकीच्यांची नावं लातूर, बीड, सोलापूरकडच्या गावांत, तिघींची कुठेच नाहीत. २०२६ च्या १५ जानेवारीला महापालिकेचं मतदान झालं, आदल्या दिवशी संक्रांत. मतदान केंद्राच्या शाळेचं मैदान पहाटे आम्हीच झाडलं, मांजाचे गुंते आणि फाटके पतंग उचलले, रांगेसाठी फक्कीच्या रेषा मारल्या. त्या रेषेत आमच्यातल्या फक्त नऊ जणी उभ्या राहू शकल्या.

मला विचारायचंय ते असं. सभासद करून घेतानाच मतदार नोंदणीचा फॉर्म भरून घेतला तर चालेल का? गावातलं नाव कमी झालं की जमिनीतला हिस्सा आणि रेशन जातं असं बायका म्हणतात, खरं आहे का? आणि ठराव पुन्हा आला की आम्ही काय मागावं?

बीएलओ_मास्तर

ताई, मी शिक्षक आहे, बरीच वर्षं मतदार यादीचं काम केलंय.

महापालिकेची मतदार यादी वेगळी बनत नाही. विधानसभेची यादी घेऊन ती प्रभागवार फोडतात. जानेवारीच्या निवडणुकीला १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. त्यानंतर ज्यांनी अर्ज केले त्यांना या वेळी मत देता आलं नाही. म्हणून निवडणूक लागल्यावर धावपळ करून उपयोग नसतो, आत्ताच करा. नोंदणी वर्षभर चालू असते.

ज्यांचं नाव गावात आहे त्यांना नमुना ८, पत्ता बदलल्याचा. ज्या तिघींचं कुठेच नाही त्यांना नमुना ६. नमुना ८ भरला की गावातलं नाव तिकडून कमी होतं. दोन्हीकडे नाव ठेवायच्या फंदात कुणी पडू नका, अर्जावर खोटं लिहून दिलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

जमिनीचा हिस्सा सातबाऱ्यावर असतो, रेशन शिधापत्रिकेवर. मतदार यादीचा दोन्हीशी संबंध नाही. जातं ते एवढंच, ग्रामपंचायतीचं मत आणि ग्रामसभेत मतदार म्हणून बसायचा हक्क. ज्या बाईचा जीव गावात आहे तिच्यासाठी ते लहान नाही. ते तिला स्पष्ट सांगा, निर्णय तिचा तिला घेऊ द्या.

पत्त्यासाठी बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक चालतं. पगार खात्यावर येतो ना? मग आधी पासबुकावरचा पत्ता बदलून घ्या.

नगरसचिव_कार्यालयातला

मी महापालिकेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो. सभागृहातली भाषणं मी तीस वर्षं टिपून घेतली आहेत, म्हणून हे कळकळीने सांगतो. ठराव मंजूर झाला तरी ठेकेदार त्याने बांधला जात नाही. तो बांधला जातो निविदेतल्या अटी-शर्तींनी आणि करारनाम्याने. जुने कामगार कायम ठेवायचे हे वाक्य तिथे हवं. निविदा निघण्याआधी घनकचरा विभागाला लेखी निवेदन द्या, त्यावर पोच घ्या. मग निविदा मंजुरीसाठी स्थायी समितीत येईल तेव्हा सोळा सदस्यांना भेटा. सोळा जणांना गाठणं आख्ख्या सभागृहापेक्षा सोपं असतं. आता कराराची मुदत चालू असेल तर ती कधी संपते ते माहिती अधिकारात काढा. ती तारीख कोठीत भिंतीवर लिहून ठेवा.

आणि "आमचे कर्मचारी नाहीत" हे अर्धसत्य आहे. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो द्यायची जबाबदारी मुख्य मालक म्हणून महापालिकेवर येते. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने हे कामगार महापालिकेचेच आहेत हा मुद्दा लढवला आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने २,७०० कंत्राटी कामगारांना कायम करण्याचा निकाल उचलून धरला.

हमालपंचायतीजवळचा

माझं मत थोडं वेगळं आहे. मतदार नोंदणी जरूर करा, पण युनियनच्या पावतीबरोबर नको. उद्या कुणी म्हणेल, या बायका अमक्या पक्षाची मतपेढी आहेत, आणि पावती फाडायला घाबरणाऱ्या आणखी घाबरतील. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली. कचरावेचक बायकांना पंचायतीने ओळखपत्रं दिली आणि ती महापालिकेकडून मान्य करून घेतली. ते कार्ड हातात आल्यावर पोलीस नि सोसायटीवाल्यांची बोलायची भाषा बदलली. आधी तुम्हीही फोटोचं ओळखपत्र मागा, महापालिकेच्या शिक्क्याचं. मत पाच वर्षांनी, कार्ड रोज लागतं.

कोठीवरची_ताई

सगळ्यांची खूप आभारी आहे.

दादा, तुमचं बरोबर आहे, पावती आणि फॉर्म वेगळे ठेवू. वेगळा दिवस, वेगळी वही, युनियनचा फलक नाही. कुणाच्या मतदार कार्डाची झेरॉक्स आम्ही ठेवणार नाही. पण सोडणार मात्र नाही. ओळखपत्र मागायलाही कुणाच्या तरी दारात उभं राहावं लागतंच, आणि तिथे पहिला प्रश्न तोच येतो हे मी कानांनी ऐकलंय. रविवारी दुपारी कामावरून सुटल्यावर समाजमंदिरात बसायचं ठरलंय. त्या सात जणीही येणार आहेत. त्यांच्यासाठी कामगार आयुक्तालयात तक्रार कालच दिली, पोच घेतली.

मास्तर, एक अडचण. आमच्यातल्या एक मावशी नाल्याकाठच्या झोपडीत राहतात. वीजबिल नाही, भाडेकरार नाही, पासबुक गावच्या पत्त्याचं. मागे अर्ज केला होता, पण चौकशीला आलेल्याला दाराला कुलूप दिसलं आणि अर्ज फेटाळला. कुलूप असणारच. पहाटे पाचला त्या घर सोडतात आणि दुपारी दुसरीकडे धुणीभांडी करायला जातात.

बीएलओ_मास्तर

कागद नाही म्हणून अर्ज अडत नाही, जागेवर जाऊन खात्री करता येते. जे फुटपाथवर झोपतात त्यांच्यासाठी तर रात्री जाऊन पाहायचीच सूचना आहे. मावशींच्या अर्जावर चालू मोबाइल नंबर लिहा आणि सोबत साध्या कागदावर जोडा: "मी कामामुळे दिवसा घरी नसते, रात्री आठनंतर भेटते." नाकारलं तर आदेश लेखी मागा, पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. शेजारच्या दोन घरांना सांगून ठेवा, विचारायला कुणी आलं तर "इथेच राहतात" असं म्हणायला.