मदत हवी आहे : नेत्यांना निवृत्तीचं वय असावं का?

वादविवाद स्पर्धेत मला 'राजकारण्यांना वयाची कमाल मर्यादा हवी' ही बाजू मिळाली आहे. सोपी वाटली होती, पण माझेच मुद्दे मला नीट पटेनात.

लोकसभेसाठी किमान वय २५, राष्ट्रपतिपदासाठी ३५. कमाल मर्यादा दोन्हीकडे नाही. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश मात्र ६५ व्या वर्षी निवृत्त होतात. इथवर ठीक. पण मोरारजी देसाई १९७७ मध्ये ८१ व्या वर्षी पंतप्रधान झाले, मलेशियाचे महाथीर तर २०१८ मध्ये ९२ व्या वर्षी! समोरचे हीच नावं पुढे करणार.

मग तंत्रज्ञानाकडे वळलो. जपानचे सायबर सुरक्षा सांभाळणारे मंत्री साकुरादा यांनी २०१८ मध्ये संसदेत सांगितलं, की आपण स्वतः कॉम्प्युटर वापरत नाही, ती कामं सचिवांना सांगतो. उदाहरण भन्नाट, पण त्यांचं वय तेव्हा ६८च होतं. मग दोष वयाचा की शिकायच्या कंटाळ्याचा? परीक्षकांनी हे विचारलं तर माझी बोलती बंद.

'मतदार ठरवतील ना' या युक्तिवादाला काय उत्तर द्यावं? आणि वयाऐवजी कार्यकाळावर मर्यादा मागितली, तर विषय सोडून बोललो असं होईल का? स्पर्धांचा अनुभव असणाऱ्यांनी कृपया सांगा.