हिशेबाचे सॉफ्टवेअर विक्रेत्याच्या सांगण्यावरून बदलावे का?

मकरपुऱ्याचा कारखानदार :
नमस्कार. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत माझा सुट्या भागांचा लहान कारखाना आहे. मालकी माझी एकट्याची, उलाढाल वर्षाला सव्वादोन कोटींच्या आसपास. गेली अकरा वर्षे आमचे हिशेब एकाच सॉफ्टवेअरवर आहेत. मागच्या आठवड्यात प्रतिस्पर्धी कंपनीचा विक्रेता येऊन गेला. एडिट लॉग (हिशेबात केव्हा काय बदलले याची आपोआप होणारी नोंद) आता सर्वांना सक्तीचा आहे, ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेले बिल) नसेल तर दंड भरावा लागेल आणि तुमच्या सॉफ्टवेअरची कंपनी लवकरच विकली जाणार आहे, असे त्याने ठामपणे सांगितले. निम्म्या किमतीची सवलत मात्र 31 मार्चपर्यंतच आहे. यातले खरे किती, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

रावपुऱ्याचा लेखापाल :
एडिट लॉगची सक्ती 1 एप्रिल 2023 पासून आहे, पण ती कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या कंपन्यांना. एकट्याच्या मालकीच्या पेढीला तो नियम लागू नाही. ई-इन्व्हॉइसची मर्यादा 1 ऑगस्ट 2023 पासून पाच कोटींवर आली. त्यात केवळ चालू वर्ष पाहत नाहीत, 2017-18 पासून कोणत्याही एका वर्षी उलाढाल पाच कोटींच्या वर गेली असेल तरी ती सक्ती लागू होते, म्हणून जुने ताळेबंद एकदा अवश्य पाहावेत. नियम खरा सांगायचा आणि तो कोणाला लागू आहे ते गाळायचे, ही रीत मला फार खटकते, कारण लहान व्यावसायिक दंडाच्या नुसत्या नावाने पैसे काढून देतो.

पूर्वी विक्रीत असलेला :
मी सात वर्षे अशाच एका कंपनीत विक्री केली. मार्चमधली सवलत बहुधा विक्रेत्याचे वार्षिक लक्ष्य पुरे करण्यासाठी असते, आणि मागितली तर ती पुढेही मिळते. ‘तुमची कंपनी विकली जाणार’ ही भीती मोठ्या कंपन्यांच्या झुंजीतही वापरली गेली आहे. ओरॅकल या अमेरिकी सॉफ्टवेअर कंपनीने जून 2003 मध्ये पीपलसॉफ्ट ही प्रतिस्पर्धी कंपनी विकत घेण्याची बोली लावली, तेव्हा पीपलसॉफ्टने आपले ग्राहक बिथरू नयेत म्हणून, ताबा गेल्यानंतर सेवा कमी झाल्यास परवाना शुल्काच्या किमान दुप्पट रक्कम परत देण्याची हमी दिली. जानेवारी 2005 मध्ये सुमारे 10.3 अब्ज डॉलरना तो सौदा पूर्ण झाला आणि लगेच सॅप या ओरॅकलच्या प्रतिस्पर्धी कंपनीने त्याच धास्तावलेल्या ग्राहकांना आपल्याकडे ओढण्यासाठी ‘सेफ पॅसेज’ योजना आणली.

तरीही ही भीती दर वेळी पोकळ नसते. इंट्युइट कंपनीने 2023 मध्ये आपले क्विकबुक्स हे हिशेबाचे सॉफ्टवेअर भारतात बंद केले आणि इथल्या ग्राहकांना आपला डेटा घेऊन दुसरीकडे जावे लागले. म्हणून त्या विक्रेत्याला किमतीपेक्षा हे विचारा की उद्या त्याचे सॉफ्टवेअर सोडायचे ठरले, तर आपली व्हाउचर (प्रत्येक व्यवहाराच्या नोंदी) आणि बिलवार येणी (कोणत्या बिलाचे किती येणे आहे) कोणत्या स्वरूपात परत मिळतील.

मकरपुऱ्याचा कारखानदार :
मनापासून आभार. काल त्या विक्रेत्याला आमचा बॅकअप देऊन तो त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आणायला समोरच बसवले. लेजरची (खात्यांची) नावे आणि अखेरच्या शिलका आल्या, पण वाघोडिया रोडच्या एका ग्राहकाची थकलेली चार बिले एकाच ओपनिंग बॅलन्समध्ये (सुरुवातीच्या शिलकेत) मिसळून गेली. कोणते बिल किती दिवसांचे आहे हेच दिसेना, आणि आमची वसुली तर त्यावरच चालते. जुने ताळेबंदही तपासले. पाच कोटींच्या जवळपास आम्ही कधीच गेलेलो नाही. सध्याच्या सॉफ्टवेअरची वार्षिक वर्गणी आज सकाळी भरली.