रेसमधून सुटलेला घोडा उड्यांसाठी तयार करायचा आहे. नागपूरच्या मातीवर आणि उन्हात जमेल का?

काळी_माती: सहा वर्षांचा थरोब्रेड (रेसच्या जातीचा घोडा), वजन 460 किलोच्या आसपास, पायांना जुनी इजा नाही. स्पर्धा शो-जंपिंगचीच, पण तयारी स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत धावायच्या लांब शर्यतींच्या, ट्रेनरांसारखी करावी असं वाटतं. इंग्लंडमधले ट्रेनर जिंजर मॅकेन यांनी रेड रम या घोड्याला समुद्राच्या वाळूवर घडवलं. आपल्याकडे खाली काळी माती, वर मे महिन्यात 45 अंश. कन्हान नदीची वाळू टाकून भागेल का? उडी केव्हा सुरू करावी?

नालबंद_वर्धारोड: भागेल, पण रेड रमची गोष्ट नीट समजून घ्या भाऊ. त्याच्या खुरातल्या हाडालाच सूज होती. मॅकेन यांच्या साउथपोर्टच्या किनाऱ्यावर ओहोटीनंतर ओली, दबलेली वाळू मिळायची, शिवाय पाय समुद्राच्या पाण्यात. त्याच पायांवर त्याने 1973, 1974 आणि 1977 ची ग्रँड नॅशनल ही इंग्लंडमधली मोठी स्टीपलचेस जिंकली. मधल्या दोन्ही वर्षी दुसरा आला. कन्हानची जाडी वाळू कोरडी, खोल टाकलीत तर खूर रुततो आणि गुडघ्याखालची मागची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) ताणते. काळ्या मातीवर थेट तर टाकूच नका. पहिल्या पावसात माती फुगते, वाळू खाली जाते, चिखल वर येतो. वरची माती काढून मुरूम भरा, पाणी मारून रोलर फिरवा, बाजूला चर काढा, मग चाळलेली बारीक वाळू तीन इंच, बस. कामाआधी भिजवा. मुठीत दाबल्यावर गोळा टिकला पाहिजे, पाणी ठिबकायला नको.

पागा_पहाट: घोड्याला दम दोन-तीन महिन्यांत येतो, कंडरा आणि हाडं पक्की व्हायला त्याहून बराच वेळ लागतो. घोडा जोशात दिसतो म्हणून मालक काम वाढवतो आणि पाय जातो. पहिले चार आठवडे नुसती चाल, 20 मिनिटांवरून 45 पर्यंत. मग दुडकी, आठव्या आठवड्यापासून कँटर (मध्यम वेगाची दौड). पुढे ब्रिटनमधल्या अडथळ्यांच्या शर्यतींचे ट्रेनर मार्टिन पाइप यांची रीत घ्या; 15 वेळा चॅम्पियन ट्रेनर झालेला माणूस, एका लांब दौडीऐवजी चढावर तुकड्यातुकड्याने काम घ्यायचा. सेमिनरी हिल्सचा चढ डांबरी, तिथे फक्त चालवा. मैदानावर तीन मिनिटं कँटर, तीन मिनिटं चाल, असं तीनदा, दर चौथ्या दिवशी. काम थांबल्यावर दहा मिनिटांनी नाडी मिनिटाला 64 च्या खाली आली नाही तर पुढचं काम कमी.

उडी बाराव्या आठवड्यानंतर. आधी जमिनीवर आडवे खांब, दुडकीसाठी एकमेकांपासून साडेचार फुटांवर. नंतर 50 सेंटिमीटरचा फुलीचा अडथळा, त्याच्या अलीकडे नऊ फुटांवर एक खांब. रेसचा घोडा वेगाने येऊन सपाट उडतो. हा खांब त्याला थांबून पाठ गोल करायला लावतो.

आणि रोज पहाटे, पाय धुण्याआधी, पाय उचलून कंडरा दोन बोटांत धरा. एक पाय दुसऱ्यापेक्षा कोमट लागला, तर लंगडत नसला तरी काम बंद, आधी सोनोग्राफी.

काळी_माती: उन्हाळ्यात मीठ किती? आणि सुट्टीच्या दिवशी चंदी (दाण्याचा खुराक) किती?

पागा_पहाट: काम पहाटे साडेचार ते सहा, त्यानंतर नाही. घाम जास्त गाळला त्या दिवशी मीठ 50 ग्रॅम, पाणी मात्र कायम भरलेलं. काम झालं की थंड पाणी सारखं ओतत राहा, श्वास खाली येईपर्यंत. सुट्टीला चंदी निम्मी आणि चारा जास्त. पूर्ण चंदी खाऊन उभा राहिलेला घोडा दुसऱ्या दिवशी कामाला काढला की पुठ्ठे दगडासारखे आखडतात, लघवी कॉफीच्या रंगाची होते. तसं दिसलं तर जागेवरच उभा ठेवा, चालवत घरी आणू नका, डॉक्टरांना तिथेच बोलवा.